मेलेल्या दाताला इंजेक्शन लागत नाही

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज दवाखान्यात एक कुजका दात आला आणि आमच्या नव्या पंडितांना आनंद आवरेना.

पंडित म्हणजे डॉ. ओगुटू. वय एकतीस, केपटाउनहून शिकून आलेले, बूट कायम चकचकीत. केनियातल्या आमच्या किसुमूच्या लाल धुळीत बूट चकचकीत ठेवणारा माणूस त्यांच्यावर दिवसाचा किती वेळ घालवतो, हे मी अजून विचारलेलं नाही. माझे गुडघे आता खुर्चीशेजारी फार वेळ उभं राहू देत नाहीत, म्हणून जानेवारीत मी त्याला भागीदार करून घेतलं. निर्णय गुडघ्यांनी घेतला, डोक्याला विचारलं नाही.

दात अपोंडी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचा. वरचा, अगदी पुढचा. नोव्हेंबरच्या सुटीत पाण्याचा कॅन घेऊन पळताना पडली आणि दाताचा तुकडा उडाला. बाप नैरोबीत असतो. त्याने फोनवरून निदान केलं की दात आपोआप बरा होईल. शाळेनं मिठाच्या चुळा सांगितल्या. चर्चमधल्या एका बाईनं गालाला तेल चोळलं. हे सगळे तज्ज्ञ बाहेरून उपचार करत होते तेव्हा आत जंतू निवांत संसार मांडून बसले होते. आता दात राखी पडलाय आणि वर हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा पुवाचा फोड आहे.

तिला घेऊन आली तिची आजी सायप्रोझ. सरोवराकाठी डुंगाच्या किनाऱ्यावर बारीक मासळी वाळवून विकते. माझी मासळी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच येते. ती मला डॉक्टर म्हणत नाही. बाजारातल्या सगळ्या बायकांसारखी माझ्या माहेरच्या मुलखाच्या नावानं हाक मारते.

"उगेन्याची लेक, हा दात काढू नकोस," ती दारातूनच म्हणाली.

"डॉक्टर तू की मी?"

"तू. म्हणून तर तुला सांगतेय. जो दात काढणारच नाही त्याला सांगून काय उपयोग?"

तिच्या स्वतःच्या खालच्या जबड्यात पुढचे सहा दात नाहीत. तिच्या वयाच्या आमच्या लुओ लोकांत पुष्कळांचे नाहीत. पोर जरा मोठं झालं की लोखंडी पातं घेऊन एक माणूस यायचा, दोघेतिघे पोराला दाबून धरायचे आणि तो सहा दात उचकटून काढायचा. त्याशिवाय पोर जातीत धरत नसत. माझ्या आईनं मला वेळेवर मिशनच्या शाळेत ढकललं म्हणून मी सुटले. जगात मला पुष्कळ गोष्टींचा तिटकारा आहे, पण त्या पातंवाल्यांएवढा कशाचाच नाही.

एक्स-रे काढला. मूळ अर्धंच तयार झालेलं, भिंती कागदासारख्या, आणि टोक मिटायचं राहून गेलेलं, बंदुकीच्या नळीसारखं आरपार उघडं. कच्चा दात मेला की त्याची वाढ तिथेच थांबते. असल्या दातात नेहमीचं रूट कॅनाल करायला गेलं तर भरण खालून बाहेर सांडतं, आणि कसंबसं केलंच तरी पुढे केव्हातरी दात हिरडीपाशी मोडतो. उपाय एकच. काढायचा आणि खोट्या दाताची प्लेट द्यायची. माझ्या हातून तर दात असा निघतो की पोरानं रडायला तोंड उघडेपर्यंत तो ताटलीत पडलेला असतो.

पंडित म्हणाले, "मॅडम, हे मूळ पुन्हा वाढवता येईल."

मग व्याख्यान झालं. आतले जंतू मारायचे, पण फार कडक औषधानं नाही, कारण टोकापलीकडे म्हणे मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात आणि त्या जगायला हव्यात. पातळ ब्लीचनं धुवायचं, काही आठवडे चुन्याचं औषध भरून ठेवायचं, आणि जंतू आटोक्यात आले की बारीक सुई टोकापलीकडे घालून मुद्दाम रक्त काढायचं. ते रक्त दाताच्या पोकळीत गोठतं. त्यावर सिमेंटचं झाकण. त्या गुठळीच्या आधारानं आत नवं काहीतरी वाढतं आणि मूळ लांब होतं.

"म्हणजे घर झाडायचं, पण कोपऱ्यातला केर पाहुण्यांसाठी ठेवायचा," मी म्हटलं.

"तसंच काहीसं, मॅडम. आणि नशीब असेल तर दाताला पुढे थंड-गरमही कळायला लागतं."

"दाताला कळेल तेव्हा मलाही कळवा."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

सायप्रोझला यातलं एकच वाक्य समजलं, की हा मुलगा दात काढणार नाही. ती त्याच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली. विज्ञानाचा निकाल असा लागला.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

ओगुटूनं दात उघडला. मी पाहायला उभी राहिले, कारण दवाखाना माझा आहे.

आतून जो वास आला त्यानं दोन गोष्टी सिद्ध झाल्या. नस कधीच मेली होती, आणि बापाचं निदान चुकलं होतं. त्यानंतर ओगुटूनं जे केलं त्याला मी सफाई म्हणणार नाही. खरवडायची बारीक फाइल त्याने भिंतींना लावलीच नाही. नुसतं पातळ ब्लीच आत सोडत राहिला, हळूहळू, पुन्हापुन्हा, बाळाला न्हाऊ घालतात तसं. आम्हाला नैरोबीत शिकवलं होतं की खरवडताना पांढरा चुरा येईपर्यंत हात थांबवायचा नाही. जंतू भिंतींतल्या सूक्ष्म नळ्यांत घुसून, थरावर थर देऊन बसतात. त्यांना आंघोळीनं काय होणार?

तसं त्याला म्हटलं.

"भिंती पातळ आहेत, घासल्या तर फुटतील," तो म्हणाला. "आणि ब्लीच कडक केलं तर टोकाशी जे जिवंत उरलंय तेही मरेल. आपल्याला जंतू कमी करायचेत, मॅडम. स्मशान नाही करायचं."

जंतू कमी करायचे. अडतीस वर्षांच्या कामात मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. चोर थोडे कमी करून घरी परतणारा पोलीस मी अजून पाहिलेला नाही.

अपोंडी मात्र मुकाट पडून राहिली. तिला मी एकदाच सांगितलं होतं की हलू नकोस. पोरांशी लाडानं बोलणारे डॉक्टर त्यांना बिघडवतात.

सोमवार, ५ मार्च

फोड गेलेला नाही. ओगुटूचा चेहरा उतरला. माझा उतरण्याचं कारण नव्हतं.

आरशात पाहिलं तर वरची तात्पुरती भरणीच जागेवर नव्हती. औषध धुऊन गेलेलं आणि भोक उघडं. जंतूंना एवढ्या आदरानं आमंत्रण मी तरी कधी पाठवलं नसतं. ओगुटू मुलीला "बाळा, काही कडक खाल्लं होतंस का?" असं विचारत बसला. अशानं संध्याकाळ झाली असती. मी त्याला बाजूला केलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"ऊस?"

तिनं आजीकडे पाहिलं. आजीनं छताकडे.

"मागच्या दातांनी खाल्ला," अपोंडी म्हणाली.

"बरं. मागच्या दातांनी उसाची साल कशी ओढतात ते दाखव."

तिनं थोडा विचार केला. "साल पुढच्या दातांनी. खाल्ला मागच्यांनी."

"आणि भरणी?"

"गिळली असेल."

सायप्रोझ म्हणाली, "मुहोरोनीहून मामा आला होता, मोळी घेऊन. आता मामानं आणलेल्या उसाला पोरीनं नाही म्हणायचं का?"

या गावात उसाला कुणीच नाही म्हणत नाही. दात गेला तरी चालेल, मामाचा मान राहिला पाहिजे. मी दोघींना खडसावलं. मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. हात खाली घे म्हटलं तर आजी म्हणाली की ती आता घरीदारी असाच हात ठेवून बोलते. वर्गाचा कविता म्हणायचा संघ स्पर्धेला जायचाय, पण बाईंनी तिला पुढच्या रांगेतून मागे उभं केलं. राखी दात परीक्षकांना बरा दिसत नाही म्हणे. असल्या बाईच्या हाताखाली मुलं कविता शिकतात. तिच्या दातांची तपासणी करायला मला आवडेल.

ओगुटूनं पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा औषध भरलं आणि यावेळी वर पक्कं सिमेंट लावलं. मी त्याला सांगितलं की हे पहिल्यांदाच लावायला हवं होतं.

"हो, मॅडम. चुकलं माझं."

वाद घालणाऱ्याशी भांडता येतं. याच्याशी भांडणंसुद्धा धड होत नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

फोड बसलाय. दात कोरडा आहे, वास नाही. ओगुटू म्हणाला, आज रक्त काढू.

हा प्रकार मी उभ्यानं पाहिला, गुडघ्यांसकट. आयुष्यभर आमची फाइल मुळाच्या टोकाआधी थांबली. टोकाबाहेर गेलेला हात म्हणजे अडाण्याचा हात, असं आमचे मास्तर म्हणत आणि त्याबद्दल वर्गाबाहेर काढत. आज हा मुलगा समजून-उमजून टोकापलीकडे टोचत होता. आणि टोचून टोचून रक्तही येईना. थेंबही नाही. त्याच्या कपाळावर मात्र पुष्कळ पाणी आलं.

"सुन्न करायला कुठली बाटली घेतलीत?" मी विचारलं.

त्यानं दाखवली. रक्तवाहिन्या आखडणारं औषध मिसळलेली. दात काढताना रक्त कमी यावं म्हणून आम्ही तीच वापरतो. ज्याला रक्त हवंय त्यानं रक्त अडवणारं औषध टोचलं होतं.

"मी साधी मागवली होती," तो पुटपुटला. "दुकानदारानं ही पाठवली."

"आणि केपटाउनमध्ये बाटलीवरचं वाचायला शिकवत नाहीत."

माझ्या कपाटात साध्या औषधाची पेटी असते, रक्तदाबाच्या म्हाताऱ्यांसाठी. मुलीला जेवायला पाठवलं, आधीचा परिणाम उतरू दिला आणि दुपारी साध्या औषधानं पुन्हा सुन्न केलं. यावेळी त्यानं टोचलं आणि आतून लाल रंग वर चढत आला, विहिरीत पाणी चढावं तसा, आणि दाताच्या मानेखाली थांबला. ओगुटू श्वास रोखून पाहत होता. गुठळी धरली. त्यानं वर सिमेंट ठेवलं, त्यावर पक्की भरणी केली.

"मॅडम, तुमच्यामुळे झालं."

"माझ्या कपाटामुळे झालं. याच्या यशापयशात माझं नाव घालू नका."

जंतूंनी भरलेल्या खोलीत रक्ताचं भांडं ठेवून दार लावून घेतलं. जंतूंना यापेक्षा चांगलं जेवण कुठे मिळणार? पाहू.

शनिवार, ७ जुलै

तपासणी. फोड परत आलेला नाही. ठोकून पाहिलं तर दुखत नाही. पुढे नवा एक्स-रे धरून ओगुटू खिडकीपाशी बराच वेळ उभा होता.

"भिंत थोडी जाड झालीय. इथे बघा."

मला काही दिसलं नाही. लोकांना ढगात हत्ती दिसतात. त्यांना कुणी केपटाउनला पाठवत नाही एवढाच फरक.

दाताचा राखी रंग तसाच आहे. ओगुटूनं वरून पांढरा लेप चढवून तो झाकला. मुलगी आरशासमोरून हटेना. बाहेर जाता जाता तिनं तोंडावर हात न ठेवता सायप्रोझला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. रंगरंगोटीनं लोक फार लवकर खूश होतात.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

जे होणार होतं ते झालं.

ओगुटू व्याख्यानांसाठी नैरोबीला गेलाय, महिनाअखेर येईल. आज सायप्रोझ अपोंडीला घेऊन आली. मुलीनं आजीच्या मासळीच्या पेटीतला बर्फ तोंडात टाकला आणि त्या दाताला कळ आली. एकदा नाही. तिनं खात्री करून घ्यायला पुन्हा पुन्हा बर्फ खाल्ला. शास्त्रीय वृत्ती आहे, फक्त बर्फ माशांचा होता.

नस काढलेल्या दाताला कळ कशी येईल? आत पुन्हा पू धरला असला आणि दाब वाढला तरच. याचा अर्थ जंतू. आंघोळ घालून ठेवलेले, रक्त पाजून पोसलेले जंतू. फोड अजून वर आलेला नाही, पण तो येईलच.

मी सायप्रोझला सांगितलं की परवा दात उघडते, आतली घाण तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि मग काढते.

"तो पोरगा येऊ दे की."

"जंतू त्याची वाट बघत थांबणार आहेत का?"

तिनं मासळीची पाटी जवळ ओढली. मग म्हणाली, "काढायचाच ठरवलायस तू, उगेन्याची लेक. पहिल्या दिवसापासून."

मी म्हटलं, मी काही ठरवत नाही, दात ठरवतो. ती मासळीची पाटी उचलून निघून गेली. जाताना मला आज नेहमीची मूठभर जास्तीची मासळी घातली नाही.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहिते.

अपोंडीला खुर्चीत घेतलं. सायप्रोझला बाहेर बसवलं, कारण नातेवाईक आत असले की पोरं नाटकं करतात. इंजेक्शन दिलं नाही. मेलेल्या दाताला इंजेक्शन लागत नाही. दात उघडायला त्याची गरज नसते, नंतर काढताना द्यायचंच असतं. दोनदा कशाला टोचायचं? मी हे कायम असंच केलंय आणि आजवर एकाही मेलेल्या दातानं तक्रार केलेली नाही.

"दुखेल?" तिनं विचारलं.

"नाही. हा दात मेलेला आहे. त्याला काही कळत नाही."

ड्रिल सुरू केलं. भरणीचा वरचा थर गेला. आणखी खाली गेले, ड्रिलचं गार पाणी आत उतरलं, आणि मुलगी खुर्चीतून उडाली. ओरडली नाही. तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःच्या तोंडापासून दूर ढकललं. नऊ वर्षांच्या हातांत एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. ड्रिल बंद व्हायच्या आत मी ते उचललं होतं म्हणून ओठ वाचला.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी दातात पाहिलं. पू नव्हता. वास नव्हता. ओगुटूचं सिमेंट जागच्या जागी, कोरडं आणि घट्ट. मी त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. नुसतं गार पाणी लागलं होतं.

मेलेल्या दाताला गार पाणी कळत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

यानंतरचा प्रश्न वेगळा होता. दात उघडा आणि तोंड बंद. भरणी अर्धी गेलेली, लाळ आत उतरणार, लाळेबरोबर जे उतरायचं ते सगळं उतरणार. ताबडतोब बंद करायला हवं होतं. आणि मुलीनं ओठ असे आवळले होते की मध्ये पातळ कागदही गेला नसता. मी म्हटलं, उघड. तिनं मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, यावेळी माझ्या नेहमीच्या आवाजात. त्या आवाजाला आजवर मंत्र्यांनीही तोंड उघडलेलं आहे. तिनं मान हलवली.

सायप्रोझ न विचारता आत आली. एकदा नातीकडे, एकदा ड्रिलकडे पाहिलं.

"दुखलं?" तिनं विचारलं. मुलीनं होकारार्थी मान डोलावली.

"मग ही थांबली की नाही?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मान डोलावली.

"माझ्या वेळी मी पहिल्याच दाताला ओरडले होते," सायप्रोझ म्हणाली. माझ्याशी नाही, पोरीशी. "तो थांबला नाही. अजून पाच बाकी होते ना. सरक."

ती स्वतःच खुर्चीत चढून आडवी झाली आणि मुलीला पोटावर ओढून घेतलं. माझ्या खुर्चीत आजवर असं कुणी झोपलेलं नाही. तिच्या कपड्यांना मासळीचा वास येत होता. "आता ती नुसतं बंद करणार. यंत्र लावणार नाही. नाही ना लावणार?"

"नाही," मी म्हटलं.

मी हातानं सिमेंट भरलं. कापूस बदलताना हात स्थिर होता.  मुलगी पूर्ण वेळ माझ्या बोटांवर नजर ठेवून होती.

त्या दोघी गेल्यावर लक्षात आलं की मी दात काढायचं इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. फेकून दिलं.

सोमवार, २९ ऑक्टोबर

ओगुटू परतला. बूट नवे.

मी सांगितलं. थंड लागतं म्हणून आली, मी उघडला, इंजेक्शनशिवाय, उडाली, बंद केला. चार वाक्यांत. त्याचा चेहरा पडला आणि मग त्याने एकच विचारलं, "सिमेंटपर्यंत गेला होतात?"

"नाही."

"बरं झालं."

याला रागावताही येत नाही. मी त्याच्या जागी असते तर आवाज रस्त्यापर्यंत गेला असता. तोंड मिटून सभ्य राहणाऱ्या माणसाचं पुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

दुपारी सायप्रोझ मुलीला घेऊन आली. एक्स-रे त्याने काढला. मी दुसऱ्या खोलीत होते. मग त्यानं फेब्रुवारीचा आणि आजचा असे दोन माझ्यासमोर धरले. मी चष्मा बदलला. मूळ लांब झालंय. थोडंसंच, पण झालंय. भिंती जाड झाल्यात. बंदुकीच्या नळीचं तोंड आवळत चाललंय. यात ढगातला हत्ती नाही. मी खिडकीपाशी जाऊनही पाहिलं.

"आत नेमकं काय वाढलंय?" मी विचारलं.

"खरं सांगायचं तर माहीत नाही. मूळची नस नसावी. हाडासारखं काही असतं, मुळाच्या बाहेरच्या थरासारखं असतं. तंतू येतात, बहुतेक मज्जातंतूही. माणसाच्या दातात कापून बघता येत नाही."

"म्हणजे वर्षभर खपून, जंतू राखून आणि रक्त सांडून तुम्ही असं काहीतरी उगवलंत ज्याचं नाव तुम्हालाच ठाऊक नाही."

"हो, मॅडम."

"आणि माझ्या पराक्रमानं आत पुन्हा जंतू गेले असतील तर?"

त्यानं आजचा एक्स-रे पुन्हा उजेडाकडे धरला. "सिमेंट घट्ट असेल तर नाही जाणार. पण कडेनं शिरले असतील तर आत जे वाढलंय ते मरेल. तीन-चार महिने थांबायचं. फोड आला तर कळेल."

थांबायचं. दातात काही होत असताना हात बांधून थांबायचं. याला हा उपचार म्हणतो.

शनिवार, ८ डिसेंबर

मासळीला डुंगाला गेले. गेल्या महिन्यापासून दर शनिवारी मीच जाते, दवाखान्यातल्या मुलीला पाठवत नाही. ती मासळी नीट पारखत नाही.

अपोंडी आजीजवळ होती. मला पाहताच पोत्यांमागे गेली. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते, पण एवढ्या वास मारणाऱ्या पोत्यांमागे नाही.

"फोड?" मी सायप्रोझला विचारलं.

"नाही."

"नीट बघितलंस? ओठ वर करून?"

"रोज ओठ वर करते, उगेन्याची लेक. पोरगी म्हणते मी घोडी आहे का. तू मासळी घेणार की दात?"

मासळी घेतली. मूठभर जास्तीची यावेळी घातली. मी मागितली नव्हती.

सोमवार, ४ फेब्रुवारी

वर्षाची तपासणी.

एक्स-रे आधी झाला. टोक जवळजवळ मिटलंय. कडेला कुठे काळी सावली नाही. हिरडी गुलाबी, दात हलत नाही. आता फक्त थंड लावून पाहायचं होतं. ऑक्टोबरात जे कळत होतं ते अजून कळतंय की माझ्या ड्रिलनं ते मेलं, हे कळायला दुसरा उपाय नाही.

ओगुटूनं गार कापूस माझ्यापुढे धरला. "तुम्ही करा, मॅडम."

"का?"

"मी केलं तर तुम्ही म्हणाल मला हवं तेच दिसलं."

खरं होतं. मी म्हटलंच असतं.

मी खुर्चीशेजारी गेले. अपोंडी उंच झालीय. खालच्या बाजूला नवे दात आलेत, सगळे जागेवर. यंदा कविता म्हणायला तिला पुन्हा पुढच्या रांगेत घेतलंय, असं आजी ओगुटूला सांगत होती. म्हणजे त्या बाईला लेप आणि दात यांतला फरक कळत नाही.

मुलीनं मला पाहिलं आणि ओठ मिटले. आवळले नाहीत, मिटले.

तोंड उघड, एवढंच म्हणायचं होतं. एकोणचाळीस वर्षं एवढंच म्हणत आलेय. ओगुटू भिंतीकडे बघत उभा होता, त्याला नको तेव्हा शिष्टाचार सुचतात.

"मी दाताला गार कापूस लावणार आहे," मी म्हटलं. "लागेल. लागलं तर चांगलं आहे. लागलं की मी काढून घेईन. लावू?"

तिची नजर माझ्या बोटांवर गेली.

"हात दाखवा," ती म्हणाली.

सायप्रोझ तिला ओरडायला गेली. मी तिला हातानंच थांबवलं. कापूस ताटलीत ठेवला आणि दोन्ही हात मुलीसमोर धरले. तिनं पाहिले. बोटं हलवून उलटे करायला सांगितले. मी उलटे केले. तिनं वाकून खुर्चीच्या मागेही पाहिलं, तिथे ड्रिल टांगलेलं असतं. ते जागेवर होतं.

"यंत्र लांब आहे," तिनं आजीला सांगितलं, मग माझ्याकडे वळून, "लावा."

आणि तोंड उघडलं.

मी चिमट्यानं कापूस उचलला आणि दाताला टेकवला. काही झालं नाही. मी थांबले. तरीही काही झालं नाही. मी श्वास घेतला नव्हता हे मला नंतर समजलं. मग तिच्या भुवया वर गेल्या, आणि तिनं माझ्या मनगटावर खाडकन चापट मारली. चिमटा खाली पडला.

मी ओगुटूला म्हटलं, "लिहा. प्रतिसाद आहे. जोरदार."